'विकत घ्या' या बटणावर विश्वास ठेवू नका

चोरून पुस्तकं उतरवणाऱ्यांनो, तुम्ही निवांत राहा. हे रीतसर पैसे मोजणाऱ्यांसाठी आहे.

एका ई-बुक दुकानातून मी ६३ पुस्तकं घेतली होती. सगळी पूर्ण किमतीला, बरीचशी छापील प्रतीच्याच भावात. लॅपटॉप बंद पडला, नवा आणला, ॲप टाकून लॉगिन केलं. मुखपृष्ठं सगळी दिसतात, पण प्रत्येकावर राखाडी कुलूप. दाबलं की एकच ओळ: 'या खात्याची उपकरणमर्यादा संपली आहे.' मर्यादा ६. त्यात विकलेला फोन, बिघडलेला रीडर, फॉरमॅट केल्यामुळे दोनदा मोजलेला तोच लॅपटॉप, सगळं धरलेलं. मेलेलं यंत्र यादीतून काढायचं तर त्याच यंत्रावरून साइन आउट करा म्हणे!

खूण मात्र पहिल्याच दिवशी मिळाली होती, आणि तेच डोक्यातून जात नाही. 'डाउनलोड' दाबल्यावर पुस्तक आलंच नव्हतं. आली ती दोन-चार केबींची, शेवटी 'एसीएसएम' असलेली फाइल, म्हणजे ॲपला पुस्तक आणून उघडायला सांगणारी नुसती चिठ्ठी. अख्खं पुस्तक एवढ्यात मावत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ती त्यांच्या ॲपमध्ये उघडली, पुस्तक दिसलं, मग शंका येणार कशाला? अटींमध्ये 'केवळ वापराचा परवाना' असं लिहिलंय खरं. पण कोण हो वाचतं ते पानंच्या पानं करारनामे? ठळक बटणावर 'विकत घ्या' लिहायचं आणि खाली फिकट अक्षरात ते काढून घ्यायचं, यात माझं काय चुकलं?

(असली फाइल दिसली की तिथल्या तिथे पैसे परत मागा. एकदा उघडलीत की ते हात वर करतात.)

मग सुरू झाली टोलवाटोलवी. चॅटवर आधी बॉट, मग बॉटसारखाच बोलणारा माणूस: 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' दुकान म्हणतं कुलूप प्रकाशकाचं, प्रकाशक म्हणतो दुकानाचं. कुलपाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी तर उत्तरच दिलं नाही. ग्राहक तक्रार कक्षातल्या बाईंनी विचारलं, 'वस्तू मिळाली होती ना? मग फसवणूक कसली?' सायबर पोलिसांना फक्त ओटीपी कळतो. खात्यातून कुणी परस्पर पैसे काढले नसतील, तर तुमचं काही गेलेलंच नाही. आणि तिथल्याच एकाने आवाज खाली करून सुचवलं, 'नेटवर फुकट मिळतात की, उतरवून घ्या.' तक्रार नोंदवायला बसलेला माणूस!

मी ते कुलूप तोडायचं म्हटलं, तर वर गुन्हेगार ठरायची भीती. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने असं कुलूप फोडणंच बेकायदा आहे. काही ठरावीक सवलती सोडल्या, तर प्रत पैसे देऊन घेतलेली असली तरी सुटका नाही.

हे जुनंच दुखणं आहे. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या सीडी विकत घेणाऱ्यांच्याच संगणकात नक्कल रोखण्यासाठी लपवलेलं सॉफ्टवेअर शिरलं. गाणी चोरून ऐकणाऱ्यांना धक्काही नाही. २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी परस्पर पुसली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-बुकांचं दुकान गुंडाळलं तेव्हा पैसे परत दिले, आणि पुस्तकात टिपणं केलेल्यांना वर २५ डॉलर. माझ्या टिपणांना शून्य.

तेव्हा टिपणं वेगळ्या वहीत ठेवा. जुनं यंत्र विकण्याआधी, फॉरमॅट करण्याआधी साइन आउट कराच. 'डीआरएममुक्त', म्हणजे असं कुलूप नसलेलं, असं स्पष्ट लिहिलं नसेल तर पूर्ण किंमत मोजू नका. खरेदीच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, बटणासकट. कॅलिफोर्नियात २०२५ पासून असा परवाना 'विकत' म्हणून खपवायचा असेल, तर तो परवाना आहे हे ठळक सांगावं लागतं. बाकी ठिकाणी तो स्क्रीनशॉटच कामी येईल.

दुकानाने माझ्या तक्रारीवर शेवटी एक कूपन पाठवलंय. पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट.