भाजी पिठात लपवावी की ताटात दिसू द्यावी?

साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात अनोळखी पदार्थ नाकारणे हा बहुतेक मुलांच्या वाढीचाच एक टप्पा असतो. त्यामुळे पेज, वरणभात आणि बटाट्यापलीकडे काही न खाणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी स्वतःला दोष देऊ नये. प्रश्न उरतो तो भाजी पिठात मिसळून द्यायची की उघड वाढायची, एवढाच.

मिसळण्याचा फायदा त्याच दिवशी दिसतो. लाल भोपळ्याचे घारगे किंवा काकडी किसून घातलेले घावणे मूल आवडीने खाते आणि भाजी पोटात जाते. परंतु घारग्यात मुलाला कळते ती गुळाची गोडी, भोपळ्याची चव नव्हे; म्हणूनच चार घारगे संपवणारे मूल भोपळ्याच्या भाजीला हात लावत नाही. शिवाय लपवलेले कधी सापडलेच, तर ते पुढे घावण्याकडेही संशयाने पाहू लागते.

उघड वाढण्याचा मार्ग संथ आहे. नवी चव रुळायला अनेकदा आठ ते पंधरा वेळा ती समोर यावी लागते, आणि बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या नकारालाच हात टेकले जातात. अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची विभागणी येथे उपयोगी पडते: काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. भात आणि सोलकढीशेजारी पडवळाची नखाएवढी फोड ठेवावी. मुलाने ती बोटाने दाबली, हुंगली, चाटून परत ठेवली, तरी ओळख वाढते. मासा देताना बारीक काट्यांच्या बांगड्याऐवजी सुरमईपासून सुरुवात करावी आणि तिचाही प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपून मगच वाढावा.

मोबाइल दाखवून भरवणे किंवा चॉकलेटचे आमिष मला मुळीच मान्य नाही. त्याने चॉकलेटच अधिक हवेसे वाटू लागते.

माझा कौल उघड वाढण्याला आहे. घारगे मात्र बंद करू नयेत. भोपळा किसताना मुलाला शेजारी बसवावे, त्याच्या हातात कच्ची फोड द्यावी आणि घारग्यात काय आहे ते सांगावे. वजन वाढत नसेल, घास वारंवार अडकत असेल किंवा खात असलेले पदार्थही एकेक करून सुटत असतील, तर या दोन्ही मार्गांवर वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.