एमआरआय की सीटी स्कॅन: शोधायचंय काय, त्यावर ठरतं

डॉक्टरांनी सीटी स्कॅन लिहून दिला की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, “सरळ एमआरआयच करून टाका, म्हणजे सगळं दिसेल.” फुप्फुसाच्या तक्रारीत हा सल्ला ऐकला तर वेळ जास्त जाईल आणि दिसेल कमी. उलट गुडघ्यातला लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, फाटल्याची शंका असेल तर सीटीचा फारसा उपयोग नाही. या दोन तपासण्यांत वरची-खालची अशी पायरी नाही. दोन्ही यंत्रं मुळात वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

सीटीचं काम समजायला सोपं आहे. क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरते, पलीकडचे डिटेक्टर किती किरण आरपार आले ते मोजतात आणि संगणक त्यातून शरीराचे आडवे छेद तयार करतो. हाड किरण अडवतं, हवा जाऊ देते. म्हणजे हे घनतेचं चित्र. हे तंत्र उभं केल्याबद्दल गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ चं नोबेल मिळालं.

एमआरआय मोजतो ते पाण्याचं आणि चरबीचं वागणं, कारण दोन्हींत हायड्रोजन भरपूर असतो. हायड्रोजनचं अणुकेंद्र म्हणजे एकच प्रोटॉन, आणि तो इवल्याशा चुंबकासारखा वागतो. १.५ टेस्लाच्या यंत्रात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट ताकदीच्या क्षेत्रात माणूस झोपला, की काही प्रोटॉन त्या क्षेत्राच्या दिशेने तर काही उलट दिशेने लागतात. दोन्ही बाजूंमधला फरक दहा लाखांत जेमतेम पाचेक प्रोटॉनचा! पण शरीरात ते इतके अफाट आहेत की तेवढ्या फरकावर चित्र निघतं. मग ६४ मेगाहर्ट्झच्या आसपासची रेडिओलहर सोडतात. एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या जरा खालची. प्रोटॉन तिची ऊर्जा घेतात, कलतात, आणि लहर थांबली की मूळ स्थितीत येता येता स्वतःच बारीक रेडिओ संदेश देतात. अंगाजवळ ठेवलेली कॉइल तो पकडते.

खरी गंमत या परतीच्या वेळात आहे. चरबीतले प्रोटॉन लवकर सावरतात, मोकळ्या पाण्यातले सावकाश, सुजलेल्या ऊतीतले आणखी वेगळ्या गतीने. संदेश कधी टिपायचा ते बदललं की त्याच छेदात कधी चरबी उजळ दिसते, तर कधी पाणी. म्हणून एकाच भागाची इतकी वेगवेगळी चित्रं काढतात. संदेश कुठून आला हे कळावं यासाठी चुंबकीय क्षेत्र जागोजागी किंचित कमी-जास्त केलं जातं. ही कल्पना पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली. त्यांना आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चं नोबेल मिळालं. हे कमी-जास्त करणाऱ्या कॉइलमधला विद्युतप्रवाह झपाट्याने बदलतो, त्या थरथरतात आणि कानठळ्या बसवणारी ठकठक सुरू होते. ती ऐकून यंत्र बिघडलं असं वाटून घेऊ नका.

आता निवड पुष्कळ सोपी होते. फुप्फुसात हवा जास्त, हायड्रोजन कमी, तिथे सीटी. मूतखडा, हाडाचा गुंतागुंतीचा फ्रॅक्चर, डोक्याला ताजा मार, तिथेही सीटीच. मज्जारज्जू, मणक्यातली गादी, सांध्यातले लिगामेंट, मेंदूतली गाठ, प्रोस्टेट: इथे एमआरआय उजवा.

पक्षाघातात मात्र क्रम महत्त्वाचा असतो. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं औषध तासांच्या हिशोबात द्यावं लागतं, पण मेंदूत रक्तस्राव असेल तर ते देता येत नाही. रक्तस्राव आहे की नाही हे सीटी काही मिनिटांत सांगतो, म्हणून बहुतेक ठिकाणी तो आधी. गुठळीमुळे नुकतंच झालेलं नुकसान पहिल्या काही तासांत सीटीवर दिसेलच असं नाही. एमआरआयची डिफ्यूजन पद्धत, म्हणजे ऊतींतल्या पाण्याची हालचाल टिपणारी, ते फार लवकर दाखवते. तेव्हा पहिला सीटी ‘नॉर्मल’ आला म्हणजे पक्षाघात नाही, असं समजू नये.

किरणोत्साराचं काय? छातीच्या साध्या एक्स-रेत सुमारे ०.१ मिलिसीव्हर्ट, डोक्याच्या सीटीत सुमारे २ आणि पोटाच्या सीटीत ८ ते १० मिलिसीव्हर्ट इतका डोस मिळतो. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. एमआरआयमध्ये असे किरण अजिबात नसतात. लहान मुलं, तरुण माणसं, वारंवार स्कॅन लागणारे रुग्ण यांच्या बाबतीत हा मुद्दा वजनदार आहे. अपघातानंतर यावर काथ्याकूट करत बसणं वेडेपणाचं.

एमआरआयचा धोका वेगळा: त्याचं चुंबक कायम चालू असतं. पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र), मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप असेल तर आधी सांगा आणि इम्प्लांटचं कार्ड जवळ ठेवा. हल्लीचे बरेच पेसमेकर अटी पाळून चालतात. लेथवर किंवा ग्राइंडरवर काम केलं असेल, कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर तेही सांगा. ही गोष्ट लोक हमखास विसरतात. टायटॅनियमचं इम्प्लांट सहसा चालतं, फक्त त्याच्या भोवतीचं चित्र बिघडू शकतं. ‘तीन टेस्ला म्हणजे दुप्पट चांगलं’ या बोलण्यालाही भुलू नका. सूक्ष्म रचना त्यात अधिक स्पष्ट दिसतात, पण धातूमुळे चित्र जास्त बिघडतं आणि काही इम्प्लांटना १.५ टेस्लाचीच परवानगी असते.

सीटी काही सेकंदांत उरकतो. एमआरआयला वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत निश्चल पडून राहावं लागतं. लहान मुलाला त्यासाठी भूल लागू शकते, आणि मग किरण नकोत की भूल नको हा प्रश्न खरोखर अवघड होतो. तो डॉक्टरांशी बसूनच सोडवावा. बंद जागेची भीती असेल तर तारीख घेतानाच सांगा. शिरेतून द्यायचं औषधही दोन्हींत वेगळं: सीटीत आयोडीनचं, एमआरआयत गॅडोलिनियमचं. एकाची ॲलर्जी म्हणजे दुसऱ्याची असतेच असं नाही, पण किडनीचा त्रास असेल तर दोन्हींआधी सांगायला हवं. गरोदरपणात गॅडोलिनियम शक्यतो टाळतात.

आणि कंबरदुखी. एमआरआयचा आग्रह सगळ्यात जास्त इथेच धरला जातो, आणि माझ्या मते सगळ्यात अनाठायीही इथेच. कसलंही दुखणं नसलेल्या माणसांचे स्कॅन तपासले, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे ‘गादी झिजली आहे’ हे रिपोर्टमधलं वाक्य खरं असूनही तुमच्या दुखण्याचं कारण नसू शकतं. साधी कंबरदुखी बहुतेकदा सहा आठवड्यांत कमी होते. तोवर दोन्ही स्कॅन राहू द्यावेत. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पायातली शक्ती कमी होत जाणं, ताप, पूर्वीचा कॅन्सर, मोठा मार, यातलं काही असेल तर मात्र सहा आठवडे थांबू नका. पहिल्या तीन लक्षणांत तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.