स्कूटीवरचा लहान मुलांचा सेफ्टी बेल्ट : तीन ऋतू वापरल्यावर

हा बेल्ट गेल्या दिवाळीनंतर घेतला. लेक तेव्हा दीड वर्षाची होती, आता सव्वादोनची आहे. हजाराच्या आत पडला. जळगावची थंडी, मे महिना आणि आता पावसाळा, असं सगळं त्याने बघितलंय, म्हणून लिहायला हरकत नाही. बॉक्स उघडून फोटो टाकणारे रिव्ह्यू भरपूर आहेत. त्यातून घाम आणि चिखल कळत नाही.

घ्यायचं कारणही सांगतो. बायकोला विचारूनच लिहितोय. बाळंतपणानंतर तिची झोप उडाली. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी अल्प्राझोलाम ही झोप आणणारी, पण सवय लागणारी गोळी लिहून दिली. दिवस संपले, गोळी संपली नाही. ही गोळी औषधांच्या शेड्यूल एच १ या सरकारी यादीत येते, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, दुकानदाराने रजिस्टरमध्ये नोंद करायची, असा नियम २०१४ पासून आहे. तरी एकीकडून नाही मिळाली तर दुसरीकडून मिळत गेली. आम्हाला कळलं तेव्हा एकीच्या तीन झाल्या होत्या. मानसोपचारतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत बजावलं, एकदम बंद करायची नाही, फिट येऊ शकते. पायरीपायरीने कमी करायची. प्रत्येक पायरीला आठवडा-दोन आठवडे झोप नाही, घाम, चिडचिड, आणि आवाज अजिबात सहन होत नाही. ताट पडलं तरी ती दचकून उठायची. आणि घरात दीड वर्षाचं पोर, ज्याचं कामच ताटं पाडणं.

म्हणून संध्याकाळी मी लेकीला घेऊन बाहेर पडायला लागलो. आधी ती पुढे उभी राहायची, जशी आपल्याकडे सगळ्यांची मुलं राहतात. मग नियम वाचला. चार वर्षांखालच्या मुलासाठी सेफ्टी हार्नेस (म्हणजे असाच बेल्ट), हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा. अधिसूचना फेब्रुवारी २०२२ ची, लागू झाली २०२३ पासून. आमच्या गल्लीत हे कुणाच्या गावीही नाही.

आता बेल्ट. मुलाला जाकीट, त्यातून निघालेले दोन पट्टे आपल्या खांद्यांवरून, समोर बकल. मूल मागे बसतं. बाजारात नुसता कमरेचा पट्टाही मिळतो, तो घेऊ नका. गचका बसला की मूल कमरेतून वर मागे कलंडतं. नियमातही खांद्यातून येणारे पट्टेच सांगितलेत. माझ्या बेल्टवर ३० किलो लिहिलंय. शिवण अजून कुठे उसवलेली नाही. शिवाजीनगरच्या बाजूचे खड्डे रोज खाऊनही नाही, म्हणजे बरंच म्हणायचं.

बकल मात्र कडक. दोन्ही बाजूंनी एकदम दाबावं लागतं. सुरुवातीला मला चीड यायची, नंतर कळलं की लेकीला ते उघडता येत नाही हाच त्याचा गुण. पण बायकोचे हात त्या दिवसांत थरथरायचे. एकदा तिने हौसेने जाकीट घातलं, बकल लावायला गेली आणि ते लागेना. तीनदा, चारदा. लेक ‘टक कर, टक कर’ म्हणून ओरडत होती. मी हात पुढे केला तर तिने झटकला. त्या संध्याकाळी आम्ही उशिरा निघालो.

झोप हा मोठा प्रश्न. स्कूटी चालू झाली की मूल पेंगतं आणि मान एका बाजूला लोंबते. बेल्ट धड धरतो, मान नाही. त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांपलीकडचं अंतर यावर करायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. मेहरूण तलाव ठीक. एरंडोलजवळचं पद्मालय नाही. तिथे एसटीने गेलो, पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नसतंच. उजव्या-डाव्या सोंडेचे दोन गणपती तिने बघितले न बघितल्यासारखे केले, तळ्यातल्या कमळांपुढून मात्र हलेना. हायवेवर तर या बेल्टच्या भरवशावर मूल नेऊच नये.

भुसावळला आगगाडीने. हा आमचा सगळ्यात यशस्वी कार्यक्रम. स्कूटी स्टेशनला लावायची, बेल्ट पिशवीत, जनरलचं तिकीट, अर्ध्या-पाऊण तासात जंक्शन. प्लॅटफॉर्मवर बसून मालगाड्या बघायच्या. लेक डबे मोजते : एक, दोन, पाच, पाच, पाच. इथे विजेच्या इंजिनांचं शेड असल्यामुळे सुटी इंजिनं येत-जात असतात आणि प्रत्येकाला तिला टाटा करायचा असतो. ड्रायव्हरही करतात बिचारे. बागेपेक्षा हे स्वस्त आणि सावलीत.

बागेत दुसरी अडचण असते. एकटा बाप मूल घेऊन दिसला की कुणीतरी विचारणारच, ‘पोरीची आई कुठंय?’ मी सांगतो, झोपलीय. ज्या दिवशी ती खरंच झोपलेली असायची त्या दिवशी हे सांगताना बरं वाटायचं. आपल्याकडे नवरा पितो म्हटलं की बायकोला चार घरचा आधार मिळतो. बायको गोळ्या घेते म्हटलं की माणसं आधी खरकटी भांडी मोजतात. माझ्या आत्याने तर सरळ विचारलं, ‘मंग सयपाक कोन करस?’ मी करतो. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी, दुसरं विचारू नका.

उन्हाळ्यात बेल्ट नापास. पारा ४४ वर गेला की जाकिटातल्या फोमखाली पाठ घामोळ्यांनी भरते. पट्टा जुळवायची कडी धातूची आहे, ती उन्हात इतकी तापते की कापड गुंडाळावं लागलं. सकाळी आठच्या आत फिरून यायचं, नाहीतर नाही. हेल्मेटचं वेगळंच. एवढ्या लहान डोक्याचं इथल्या दुकानांत मिळेना, शेवटी सायकलचं मागवलं. मान्यताप्राप्त मानकाचं सायकल हेल्मेट नियमात चालतं.

त्याच मे महिन्याच्या तोंडावर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. खान्देशात आखाजीला लेक माहेरी जाणार नाही असं होत नाही. झोके बांधलेले, मैत्रिणी आलेल्या. बायको चार दिवस राहून आली आणि पर्समध्ये गोळ्यांची नवी स्ट्रिप निघाली. तिनेच काढून दाखवली. डॉक्टर रागावले नाहीत. दोन पायऱ्या वर नेलं आणि तिथून पुन्हा खाली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. तो आठवडाभर मी मेहरूणला जास्त वेळ बसलो, लेकीने बदकांना घरची अर्धी पोळी घातली.

धुण्याबद्दल : हाताने, साध्या साबणाने. फोम वाळायला पावसाळ्यात दोन दिवस घेतो, पूर्ण वाळल्याशिवाय घातलं तर कुबट वास मारतो. रावेरला मामांच्या मळ्यात केळीचा चीक लागला, तो गेला नाही आणि जाणारही नाही. ज्यांच्याकडे केळी आहे त्यांना माहीत आहे. रंग काळाच घ्या. वेल्क्रोमध्ये केस आणि बिस्किटांचा चुरा अडकून त्याची पकड अर्ध्यावर आलीय. ती फक्त पट्ट्याचं टोक धरायला आहे, वजन त्यावर येत नाही, म्हणून चालून जातं.

आता बायको पाव गोळीवर आहे. बकल तिला लागतं. मागच्या रविवारी तीच लेकीला घेऊन तलावापर्यंत गेली, मी घरी वांगी भाजत बसलो. ती माझ्यापेक्षा बारीक, तिच्या खांद्यांवरून पट्टे घसरत होते. छातीवर आडवी क्लिप लावता येणारं मॉडेल मिळतं, थोडं महाग आहे. घरात दोघंही चालवणार असाल तर तेच घ्या. एकटेच नेणार असाल तर हे पुरतं. पाचपैकी साडेतीन, अर्धा गुण त्या कडीमुळे कापला आणि एक उन्हाळ्यामुळे.

कुणाच्या घरात असंच गोळ्यांचं चाललं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात. आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका.