विचर २ की विचर ३: खेळ संपवल्यावर काय उरतं, ते पाहून ठरवा

सेमिस्टर आटोपली की इंदुरात हा प्रश्न हमखास निघतो: ‘विचर’ या संगणकीय खेळमालिकेतला विचर ३ सरळ सुरू करायचा, की आधी विचर २ खेळून घ्यायचा? ‘तिसरा कळायला दुसरा लागत नाही’ एवढ्यावर बहुतेक जण विषय मिटवतात. ते खरंही आहे. पण दोन्ही खेळ सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचे आणि दोन्हींचा नायक राक्षस मारणारा गेराल्टच असला, तरी शेवटचं दृश्य संपून नावं सरकू लागतात तेव्हा मनात राहतं ते अगदी वेगळं. विचर २ मध्ये तुमच्या निर्णयाने राज्यांचं भवितव्य बदलतं. विचर ३ मध्ये एका मुलीचं. यातलं काय हवंय ते आधी ठरवा, मशीन आणि वेळेचा हिशेब त्यानंतर करा. (मोठी रहस्यं इथे फोडलेली नाहीत, पण कोणता निर्णय कुठे येतो हे सांगावंच लागलं आहे.)

विचर २: अर्धा खेळ झाकून ठेवणारा खेळ

हा भाग पीसीवर १७ मे २०११ ला आला. एक प्रस्तावना, तीन अध्याय आणि उपसंहार अशी त्याची बांधणी आहे. मुख्य कथा पंचवीसेक तासांची, बाजूची कामं धरून पस्तीसच्या आसपास. आकडा लहान वाटेल, पण तो एका फेरीचा आहे आणि एका फेरीत हा खेळ पूर्ण होत नाही.

पहिल्या अध्यायात फ्लॉट्सम नावाचं नदीकाठचं गाव आहे. त्याच्या शेवटाकडे एक क्षण येतो: बंडखोर एल्फ आयोर्वेथच्या हातात त्याची तलवार द्यायची की नाही. मग गाव सोडताना आयोर्वेथबरोबर जायचं की टेमेरिया राज्याच्या खास पथकाचा प्रमुख वर्नन रोश याच्याबरोबर, हे ठरतं. इथून दुसरा अध्याय अक्षरशः दोन वेगळे खेळ होतो. रोशबरोबर गेलात तर राजा हेन्सेल्टच्या लष्करी छावणीत मुक्काम. आयोर्वेथबरोबर गेलात तर त्याच छावणीने वेढा घालायला घेतलेल्या व्हर्जेन शहरात. युद्ध एकच, मैदान एकच, पण माणसं, कामं आणि कानावर पडणारी सत्यं वेगळी. रोशच्या वाटेने गेलेल्याला व्हर्जेनच्या भिंतीआड काय शिजलं ते शेवटपर्यंत नीट कळत नाही.

शिंदे-होळकरांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या इंदुरी मराठी खेळाडूला हे राजकारण समजावून सांगावं लागत नाही. १८०१ च्या ऑक्टोबरात शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटलं, त्याच्या तीनच महिने आधी उज्जैनला होळकरांनी शिंद्यांच्या पलटणी मोडल्या होत्या. हीच हकीकत ग्वाल्हेरच्या घरात आणि इंदूरच्या घरात सारखी सांगितली जात नाही. विचर २ ने नेमकं हेच खेळात बसवलं आहे, आणि इतक्या वर्षांत इतक्या धीटपणे ते फार कोणी केलेलं नाही. खेळाचा एवढा मोठा हिस्सा बहुतेकांना दिसणारच नाही हे ठाऊक असून तो बनवायला छाती लागते.

म्हणूनच पहिल्यांदा संपवल्यावर होणारी प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘एवढ्यात संपला?’ तिसरा अध्याय, लोक मुइनचा, खरोखर आखूड आहे. दुसऱ्याने जेवढं पसरलं तेवढं आवरायला त्याला जागाच मिळत नाही, हा दोष मान्य करायला हवा. आपल्याच माणसाला सोडवायचं की राजकीयदृष्ट्या मोलाच्या कोणाला तरी, असा एक कठीण निर्णय तिथे येतो, आणि त्यातून सुटलेला धागा हातातच राहतो. उपसंहार मात्र अप्रतिम. ज्याचा माग काढत सगळा खेळ झाला तो लेथो समोर बसून बोलतो, विचाराल त्याचं उत्तर देतो, आणि शेवटी त्याच्याशी लढायचं की त्याला जाऊ द्यायचं हे तुमच्यावर सोडतो. शेवटची मारामारी टाळता येते! कंपनीने सोळा शेवट असल्याचं सांगितलं होतं. पडद्यावर सोळा वेगळी दृश्यं दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. कोण जिवंत, कोणाच्या हाती सत्ता, कोण कोणाचा वैरी, या मांडणीचे ते फरक आहेत.

बरेच जण इथवर पोचत नाहीत, कारण पहिल्या दोन-तीन तासांतच हात टेकतात. तिथे काय चुकतं ते सांगतो. विचर २ मध्ये पाठीवर बसलेला वार सुरुवातीला दुप्पट इजा करतो. त्यामुळे तीन सैनिकांच्या मधोमध उभं राहून माउसचं बटण बडवणारा मरतोच. वार अडवायलाही व्हिगर (म्हणजे दमाचा साठा) खर्च होतो आणि मंत्रांनाही तोच लागतो; व्हिगर संपला की ढालही गेली. उपाय साधे आहेत. लढाईच्या आधी क्वेन हा संरक्षक मंत्र लावा, ते टिकेपर्यंत व्हिगर भरत नाही हे लक्षात ठेवा, सतत लोळून कडेला जा आणि एका वेळी एकालाच समोर घ्या. पहिले सहा गुण प्रशिक्षणाच्या शाखेत घालावेच लागतात. त्यानंतर तलवारीच्या शाखेतली पाठीवरचा मार कमी करणारी आणि लोळण लांब करणारी कौशल्यं आधी घ्या, नुसतं नुकसान वाढवणारी मागाहून. आणि औषधी काढे! ते लढाई चालू असताना पिताच येत नाहीत. ध्यानाला बसून आधी प्यावे लागतात, म्हणजे पुढे काय आहे याचा अंदाज घेऊनच चालावं लागतं. तिसऱ्या भागातून मागे येणाऱ्याची सगळ्यात जास्त चिडचिड इथेच होते.

फ्लॉट्समच्या नदीतला अजस्र प्राणी कायरन हा दुसरा अडथळा. त्याचे सोंडेसारखे हात नुसते तोडायला जाऊ नका. जमिनीवर यर्डेन हा सापळ्याचा मंत्र टाका, हात त्यावर आपटून अडकला की मगच कापा. असे तीन हात गेले की पुढचा टप्पा उघडतो. आधी विषावरचा उतारा करून घेतलात तर चूक झाली तरी निभावतं. मारामारीत अचानक बटणं दाबायला लावणारे प्रसंग जमत नसतील तर पर्यायांमध्ये त्यांची कठीण पातळी बंद करता येते. ती बंद करण्यात काही कमीपणा नाही.

विचर ३: संपल्यावरही न सोडणारा

१९ मे २०१५ ला आलेला हा खेळ मोकळ्या जगाचा आहे: व्हेलनची दलदल, नोव्हिग्राड शहर, स्केलिगेची बेटं. मुख्य कथेला पन्नासेक तास, मनापासून हिंडलात तर शंभर. ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ आणि ‘ब्लड अँड वाइन’ या दोन जोडकथा वेगळ्या, आणि दुसरी तर एकटीच वीसेक तासांची. आठवड्याच्या सुट्टीत हा खेळ बसत नाही. दिवाळीला सुरू केलात तर रंगपंचमीच्या गेरीपर्यंत तो चालेल असं धरूनच घ्या.

लढाई इथे पुष्कळ सुसह्य आहे. काढा एकदा बनवला की कायमचा. ध्यानाला बसलं की जवळच्या कडक दारूतून बाटल्या आपोआप भरतात, आणि लढता लढताही पिता येतात. गेराल्ट वळताना जड वाटला तर पर्यायांत हालचालीची दुसरी पद्धत निवडा, फरक लगेच जाणवतो. सगळ्यात मोठी चूक वेगळीच होते: नकाशावरचं प्रत्येक प्रश्नचिन्ह साफ करत बसणं. तुमची पातळी कामाच्या पातळीपेक्षा सहाने पुढे गेली की त्या कामातून जवळजवळ काहीच अनुभव मिळत नाही, लढाया पाणचट होतात आणि कथेचा पीळ सुटतो. स्केलिगेच्या समुद्रात तरंगणारी चोरट्या मालाची पिंपं सोडून द्या. लेखी करार आणि नावाची माणसं असलेली कामं मात्र सोडू नका.

इथले निर्णय तलवारीसारखे समोर येत नाहीत. व्हेलनमध्ये ब्लडी बॅरनची कथा आहे. तिचं काय होणार हे एका टेकडीखाली कैद असलेल्या आत्म्याशी तुम्ही कसं वागलात यावर ठरतं, आणि तो धागा कित्येक तासांनी हाती लागतो. गेराल्टची मानसकन्या सिरी हिच्या बाबतीत तर याहून सूक्ष्म. शेवटाकडे असे मोजके प्रसंग येतात जिथे तिला धीर द्यायचा, मोकळं सोडायचं की तिच्या वतीने आपणच बोलायचं, हे निवडावं लागतं. एकात ती खचलेली असते, तेव्हा बर्फात खेळायला काढायचं की दारूचा प्याला पुढे करायचा. दुसऱ्यात तिला एकटीला आत जाऊ द्यायचं की सोबत जायचं. असे किमान तीन प्रसंग तिच्यावर विश्वास दाखवणारे गेले, तर शेवट चांगल्या बाजूला झुकतो. खेळ हे कुठेही सांगत नाही. त्यामुळे काळजीपोटी प्रत्येक ठिकाणी पुढे होणाऱ्या माणसाला सगळ्यात वाईट शेवट मिळू शकतो, आणि तो फार जिव्हारी लागतो. मुलीला वाढवणं म्हणजे तिच्यासाठी सगळं करणं नव्हे, हे एका खेळाने बटणांच्या भाषेत सांगावं, यासाठीच विचर ३ आम्हाला इतका मोठा वाटतो.

राजकारणाचा शेवट वेगळ्या कामांवर अवलंबून आहे आणि ती साखळी सहज तुटते. जुना हेरप्रमुख डिक्स्ट्रा वाट अडवून उभा राहतो तेव्हा त्याला जोराने ढकलण्याचा पर्याय मोहात पाडतो. तो निवडलात की राजा रादोविडविरुद्धच्या कटाचा पुढचा भाग कायमचा बंद. या एका चुकीसाठी लोकांनी चाळीस-चाळीस तास मागचे सेव्ह शोधले आहेत.

संपल्यावर तुम्ही पुन्हा त्याच जगात उतरता, पण सिरी तिथे नसते. हे रितेपण बहुतेकांना सहन होत नाही, आणि ‘ब्लड अँड वाइन’ राखून ठेवायचा तो यासाठीच. त्यात तूसां नावाच्या प्रदेशातल्या द्राक्षमळ्यात गेराल्टला घर मिळतं. शेवट करायचा तर तिथे.

दुसऱ्यातलं तिसऱ्यात काय येतं

अपेक्षेपेक्षा कमी. आयोर्वेथ तिसऱ्या भागात येतच नाही, आणि व्हर्जेनसाठी जीव टाकून लढलेल्याला हे फार लागतं. व्हर्जेनची पुढारी सास्कियाही नाही. रोश मात्र दोन्ही वाटांनी भेटतो. खरा लाभ लेथोचा: त्याला जिवंत सोडलं असेल तर त्याचं स्वतंत्र काम मिळतं आणि पुढच्या मोठ्या लढाईत तो मदतीलाही येऊ शकतो. दुसरा भाग खेळायचा नसेल तर नवा खेळ सुरू करताना विचर २ च्या सेव्हचं अनुकरण करण्याचा पर्याय चालू ठेवा. पुढे राजवाड्यात दाढी करून घेताना एक अधिकारी जुन्या घटनांबद्दल विचारतो. तिथे लेथोला जाऊ दिलं असं सांगा.

मशीन आणि डेटा

ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवर विचर २ कमी सेटिंगला ७२० रेझोल्यूशनवर चालून जातो. अट एकच, चित्र जास्त रेखीव करणारं उबरसँपलिंग बंद ठेवा; ते चालू असेल तर चांगलं कार्डही गुडघे टेकतं. विचर ३ ला किमान जीटीएक्स ६६० च्या तोडीचं कार्ड, ६ जीबी रॅम आणि ५० जीबी जागा लागते. जेल रोडवरून ऑफिसचा जुना डेस्कटॉप घेऊन त्यात कार्ड बसवायचं असेल, तर जीटीएक्स १०५० टीआयचं वेगळी वीजजोडणी न लागणारं मॉडेल पाहा. कॅबिनेट सडपातळ असेल तर कमी उंचीचंच कार्ड बसतं, हे आधी मोजून घ्या. २०२२ च्या डिसेंबरातल्या मोफत अद्ययावत आवृत्तीनंतर खेळ सुरू करताना डायरेक्टएक्स ११ की १२ असं विचारलं जातं. मध्यम मशीनवर ११ च घ्या. केस खरे भासवणारं हेअरवर्क्स बंद करा, नोव्हिग्राडमध्ये अडखळलं तर मागच्या गर्दीतल्या माणसांची संख्या कमी करा. मे महिन्यात इंदूरचा पारा ४२ वर जातो तेव्हा लॅपटॉप तापून स्वतःच वेग उतरवतो. फ्रेमची मर्यादा सेकंदाला ३० ला बांधलीत तर खेळ एकसारखा चालतो. ६० च्या हव्यासात दर दहा मिनिटांनी धक्के बसतात.

दिवसाला दीड जीबीच्या मोबाइल डेटावर विचर ३ उतरवायला महिन्याहून जास्त लागतो, वीसेक जीबीच्या विचर २ ला दोन आठवडे. ४० एमबीपीएसच्या जोडणीवर विचर ३ ला तीन तास, विचर २ ला सव्वा.

मग कोणी काय घ्यावं? कार्ड नसेल किंवा हातात एकच महिना असेल, तर विचर २, आणि दोन्ही वाटांनी. पहिली फेरी आयोर्वेथची करा, कारण तिसऱ्या भागात तो पुन्हा भेटणार नाही. तलवारबाजीचा धीर नसेल आणि माणसांच्या गोष्टी हव्या असतील, तर सरळ विचर ३, उगाच अपराधी वाटून घेऊ नका. दोन्ही खेळायचेच असतील तर क्रमाने खेळा. तिसऱ्यावरून दुसऱ्याकडे परतलेल्यांपैकी बरेच जण फ्लॉट्समच्या पुढे जात नाहीत.

भंवरकुआंच्या बाजूला तासावर मशीन देणाऱ्या कॅफेत खेळणार असाल तर एक काळजी घ्या. अशा ठिकाणी मशीन पुन्हा सुरू झालं की सी ड्राइव्ह अनेकदा मूळ अवस्थेत परततं. उठण्याआधी डॉक्युमेंट्समधल्या ‘विचर २’ फोल्डरातलं ‘गेमसेव्ह्ज’ पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. तिसऱ्या भागासाठीही तसंच, फोल्डरचं नाव ‘द विचर ३’. पीसीवर अनुकरणाचा पर्याय न वापरता लेथो पुढे आणायचा असेल तर विचर २ चीच फाइल लागते; कन्सोलवर ती आणण्याची सोयच नाही.