डेट्रॉइटच्या उपनगरांची मैलापाणी सेवा : बिल वाचून आणि तळघर उपसून झाल्यावर

आमच्या घरी पाण्याचे बिल येते, त्यात प्यायच्या पाण्यापेक्षा मैलापाण्याचा आकडा मोठा असतो. डेट्रॉइटच्या उत्तरेकडील एका उपनगरात इतकी वर्षे राहूनही मी तो आकडा कधी नीट वाचला नव्हता. एका पावसाळी रात्री तळघरातील फरशीच्या जाळीतून पाणी उलटे वर आले आणि कोपऱ्यात जपून ठेवलेले गणपतीचे थर्मोकोलचे मखर त्यावर तरंगू लागले, तेव्हा कुठे आपण नक्की कोणाला आणि कशाचे पैसे देतो याची चौकशी करण्याची बुद्धी झाली.

चौकशीत पहिली गोष्ट कळली ती अशी की बिलावर नाव आमच्या गावाचे असले, तरी गाव या व्यवहारातील केवळ किरकोळ दुकानदार आहे. घाऊक व्यापारी आहे ‘ग्रेट लेक्स वॉटर ऑथॉरिटी’. डेट्रॉइट शहर, वेन, ओकलंड आणि मॅकोम या तीन काउंट्या (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या) आणि मिशिगन राज्य यांच्या करारातून ही संस्था उभी राहिली आणि 1 जानेवारी 2016 रोजी तिचा कारभार सुरू झाला. त्यापूर्वी सगळी यंत्रणा डेट्रॉइट महापालिकेच्या ताब्यात होती. उपनगरे पैसे भरत आणि डेट्रॉइट आपल्याला लुटते असे म्हणत. डेट्रॉइटचे म्हणणे असे की, आम्ही बांधले, आम्ही चालवतो, आणि नावे आम्हालाच ठेवता. नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्यावरून 1977 मध्ये केंद्र सरकारने भरलेला खटला 2013 पर्यंत न्यायालयाच्या देखरेखीखाली रेंगाळला. त्याच वर्षी शहराने दिवाळखोरी जाहीर केली, आणि दोन्ही बाजूंना टेबलाशी बसावे लागले ते या दिवाळखोरीमुळे. समजूतदारपणाने हे घडले असते असे मला वाटत नाही.

करार मात्र विचार करून केलेला आहे. मालकी डेट्रॉइटकडेच राहिली. ऑथॉरिटीने सामायिक यंत्रणा 40 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली आणि त्यापोटी ती वर्षाला 5 कोटी डॉलर देते. हे पैसे शहराने आपल्या हद्दीतील जुन्या वाहिन्यांवर खर्च करायचे आहेत. संचालक मंडळावर सहा जण बसतात : दोन डेट्रॉइटचे, तिन्ही काउंट्यांचा प्रत्येकी एक आणि एक गव्हर्नरने नेमलेला. अंदाजपत्रक आणि दर मंजूर होण्यासाठी सहापैकी पाच मते लागतात. म्हणजे डेट्रॉइटला बाजूला सारून उपनगरांना काही करता येत नाही आणि उपनगरांना गुंडाळून डेट्रॉइटलाही नाही. शिवाय पहिली दहा वर्षे महसुलाची गरज, म्हणजे वर्षभराच्या खर्चासाठी गोळा करायची एकूण रक्कम, दरसाल 4 टक्क्यांहून अधिक वाढवायची नाही, असे बंधन घातले गेले. सेवा घेणारा म्हणून मला या कराराचे हे कलम सर्वांत मोलाचे वाटते, कारण तळघर भरलेल्या माणसालाही पुढच्या वर्षीचे बिल साधारण किती येईल याचा अंदाज त्यामुळे बांधता आला.

शुद्धीकरण केंद्राला मी मोकळ्या मनाने चांगले गुण देतो. 1940 पासून चालू असलेले हे नैर्ऋत्य डेट्रॉइटमधील केंद्र एकाच जागी असलेल्या केंद्रांमध्ये अमेरिकेतील सर्वांत मोठे मानले जाते. मुसळधार पावसात दिवसाला 170 कोटी गॅलन पाण्यावर प्राथमिक आणि 93 कोटी गॅलनवर दुय्यम प्रक्रिया करण्याची त्याची क्षमता आहे. इथून निघालेले पाणी डेट्रॉइट नदीतून ईरी सरोवरात जाते, आणि 2014 च्या ऑगस्टमध्ये शेवाळाच्या विषामुळे टोलेडो शहराला नळाचे पाणी पिऊ नका असे सांगण्यात आले, ते याच सरोवराच्या पश्चिम टोकाला. असे केंद्र प्रत्येक उपनगराने आपापले बांधायचे ठरवले असते, तर खर्चाने कंबरडे मोडले असते आणि सरोवराचे हाल वेगळेच.

बिल ठरवण्याच्या पद्धतीला मात्र मी निम्मेच गुण देईन. ऑथॉरिटी गावाकडून मैलापाण्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम घेते. त्या महिन्यात किती पाणी आले याचा तिच्याशी संबंध नसतो. मागील अनेक वर्षांच्या प्रवाहावरून प्रत्येक गावाचा हिस्सा काढलेला असतो. यामागचे कारण पटण्याजोगे आहे. केंद्र, पंप, कर्जाचे हप्ते आणि पगार हे खर्च पाऊस पडो न पडो चालूच राहतात. पण माझ्या बाजूने पाहिले तर चित्र विचित्र दिसते. घरी मीटर आहे, मी पाणी जपून वापरतो, शेजारीही जपून वापरतात. तरी गावाने वरती भरायची रक्कम तेवढीच राहते आणि मग गाव दर युनिटमागे वाढवते. भरीला फुटक्या जुन्या वाहिन्यांत झिरपणारे भूजलही हिश्श्यात मोजले जाते. गावाने वाहिन्या दुरुस्त केल्या, तरी फायदा दिसायला हिस्से पुन्हा ठरेपर्यंत थांबावे लागते.

एकत्र येण्याची खरी कसोटी कोणी पैसे थकवले की लागते. हायलंड पार्क हे चहूबाजूंनी जवळपास डेट्रॉइटनेच वेढलेले छोटे, गरीब शहर. त्याची थकबाकी कोट्यवधी डॉलरांवर गेली आणि तिचा भार इतर गावांच्या बिलांत येऊ लागला. मॅकोममधील गावांनी याला जाहीर विरोध केला. अखेर 2023 मध्ये राज्य सरकार मध्ये पडल्यावर तडजोड झाली. माझा राग त्या शहरातील माणसांवर नाही. पण असे प्रकरण वर्षानुवर्षे चिघळू देणारी व्यवस्था सहकाराची म्हणवून घेते, तेव्हा हसू येते.

मधला मजला हा या सेवेचा सर्वांत कमी दिसणारा भाग आहे. गावाच्या वाहिन्या आणि ऑथॉरिटी यांच्यामध्ये अनेक ठिकाणी काउंटीचा ‘निस्सारण जिल्हा’, म्हणजे मोठ्या वाहिन्या सांभाळणारी वेगळी संस्था, असतो. 2016 मध्ये नाताळच्या आदल्या दिवशी मॅकोममधील फ्रेझर येथे 15 माइल रोडखालची 11 फूट व्यासाची वाहिनी खचली, रस्त्यात प्रचंड खड्डा पडला आणि घरे रिकामी करावी लागली. ही वाहिनी ऑथॉरिटीची नव्हती, काउंटीच्या निस्सारण जिल्ह्याची होती. दुरुस्तीचा सुमारे साडेसात कोटी डॉलरांचा बोजा त्यावर अवलंबून असलेल्या 11 गावांवर येऊन पडला. त्याच काउंटीत 2018 मध्ये दुसऱ्या एका वाहिनीत सुमारे 100 फूट लांबीचा चरबी आणि वेट वाइप्सचा (पुसायच्या ओल्या कागदांचा) गोळा सापडला होता. पाकिटावर ‘फ्लश करता येते’ असे छापलेले असते, त्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

माझा स्वतःचा अनुभव या मजल्यांच्या फटीतलाच आहे. तळघर भरल्यावर मी आमच्या उपनगराच्या कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी सौजन्याने सांगितले की वाहिनी बहुधा आमची नाही, वरती विचारा. मिशिगनच्या कायद्यानुसार मैलापाणी उलटून झालेल्या नुकसानीची लेखी सूचना 45 दिवसांत द्यावी लागते, ही गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नाही. ती मला एका शेजाऱ्याकडून कळली, तीही मुदत संपायला आठवडा उरला असताना. सामायिक कारभाराचे अंदाजपत्रक इतके काटेकोर आणि तक्रारीचा कागद इतका पोरका, हे मला पटत नाही.

ठाण्याहून आलेल्या माणसाच्या मनात तुलना येतेच. तिकडे पाणी आणण्यासाठी ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर आणि जिल्हा परिषद ‘स्टेम’ या संयुक्त पाणीपुरवठा संस्थेत एकत्र आल्या, मैलापाण्याचा हिशेब मात्र प्रत्येक महापालिका आपापला ठेवते आणि खाडी सगळ्यांची एकच. त्या मानाने इथली सेवा पाचपैकी साडेतीन गुणांची नक्कीच आहे.

या भागात घर घेणाऱ्या मराठी मंडळींनी शाळेच्या चौकशीबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत : रस्त्याखालची वाहिनी पावसाची आणि मैल्याची एकत्र आहे की वेगळी, ती गावाची आहे की काउंटीची, आणि तळघरात उलटे पाणी अडवणारी झडप बसवली आहे का. मी ती आता बसवून घेतली आहे, आणि मखर माळ्यावर ठेवले आहे.