ग्लो इंजिन की इलेक्ट्रिक मोटर? इंदूरच्या हवेतला अनुभव

मॉडेल विमानाला ग्लो इंजिन (मिथेनॉलवर चालणारं छोटं पिस्टन इंजिन) लावावं की मोटर, असं इथले नवे लोक विचारतात. मी दोन्ही उडवली आहेत, म्हणून सांगतो.

ग्लोवरून माझं मन फिरलं ते नीडलमुळे, म्हणजे इंजिनात किती इंधन जाईल हे ठरवणाऱ्या स्क्रूमुळे. दिवाळीत ट्रेनर (शिकाऊंसाठीचं मॉडेल विमान) घेऊन बडोद्याला ताईकडे गेलो होतो. तिथं नीडल जुळवली, इंजिन अगदी गोड चाललं. इंदूरला परतून तेच इंजिन सुरू केलं, तर नुसता धूर आणि थ्रॉटल दिला की अडखळायचं. बडोदा जवळजवळ समुद्रसपाटीला, आपण साडेपाचशे मीटरवर. हवा पाचेक टक्के विरळ, इंधन तेवढंच, म्हणजे मिश्रण रिच, हवेच्या मानाने इंधन जास्त. नीडल आत घेतली, इंधन कमी केलं, भागलं. पण पुढे जानेवारीत भर दुपारी जुळवलेली नीडल दुसऱ्या दिवशी पहाटेच्या थंडीत तशीच राहिली. हवा दाट, मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी, आणि ऐन वळणावर इंजिन बंद. विमान गव्हात गेलं, फायरवॉल, म्हणजे इंजिन जिथे बसतं ती पुढची फळी, निखळून हातात आली. दर खेपेला हेच, म्हणून कंटाळलो.

मोटरला हवा ओढावी लागत नाही. प्रॉपला (प्रोपेलरला) मात्र विरळ हवा जाणवते. करंट कमी दिसला तर एक इंच मोठा प्रॉप लावून बघा, बहुतेक जमतं.

मोठ्या विमानांतही हाच हिशेब. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारं यंत्र) नसलेलं पिस्टन इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. मोटर थंड राहिली तर तिची ताकद टिकते. नासाचं सौरविमान हेलिओस २००१ मध्ये १४ मोटरींवर ९६ हजार फुटांपलीकडे गेलं होतं. पण ते बॅटरीवर जमेल असं समजू नका. मोटर ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असली, तरी किलोमागे पेट्रोलमधली ऊर्जा बॅटरीच्या पन्नासेक पट असते. शिवाय इंधन जळून विमान हलकं होतं, तसं इथं होत नाही; उतरतानाही वजन तेच. छोट्या पल्ल्यात उंच चढण्यावर खर्चलेली ऊर्जा भरून निघणं अवघड, म्हणून बॅटरीचं विमान खालूनच बरं. २०२० मध्ये युरोपात प्रमाणपत्र मिळालेलं दोन आसनी वेलिस इलेक्ट्रोसुद्धा पाऊण-एक तासाचंच आहे.

तेव्हा एका उड्डाणात पंधरा मिनिटं हवी असतील, इंजिनाचा आवाज आवडत असेल, तर ग्लो घ्या, मी अडवणार नाही. माझ्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर आठ-नऊ मिनिटं मिळतात, म्हणून तीन पॅक नेतो. फक्त मे महिन्यात ते गाडीत ठेवू नका, फुगतात. माझं जुनं इंजिन तेल घालून डब्यात ठेवलंय.