चार नळ्या आणि टोकनं: प्राथमिक शाळेच्या हाऊस-संचाचं परीक्षण

हाऊस पद्धत, म्हणजे सगळ्या इयत्तांतल्या मुलांचे चार मिश्र गट, असलेल्या प्राथमिक शाळांसाठी एक संच मिळतो. चार पारदर्शक अ‍ॅक्रिलिक नळ्या, त्यांना बसणारा जड पाया, चार रंगांची प्रत्येकी 100 टोकनं, एक छोटा चषक आणि चार पानांची नियमावली. मुलाने काही चांगलं केलं की त्याच्या हाऊसच्या नळीत टोकन पडतं आणि सत्राअखेरी ज्याची नळी जास्त भरली त्याला चषक. वस्तू म्हणून संच चांगला आहे. नियमावली मात्र ज्याने लिहिली त्याने आकडेमोड केलेली दिसत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच.

नळीची उंची 1 मीटर, टोकन 3 मिमी जाड. म्हणजे अगदी सपाट रचली तर एका नळीत 333 टोकनं. आता 12 वर्गांची शाळा धरा, वर्गात 30 मुलं, एकूण 360, म्हणजे हाऊसला 90. प्रत्येक मुलाला आठवड्याला सरासरी एक टोकन मिळालं, तरी दर आठवड्याला 90 टोकनं, म्हणजे 27 सेंटिमीटर. चौथ्या आठवड्यातच नळी तोंडापर्यंत. 100 टोकनं तर त्याआधीच, दुसऱ्या आठवड्यात संपलेली असतात. नियमावलीतला उपाय असा, की वर्गातली 10 टोकनं झाली की सभागृहातल्या नळीत 1 टाकायचं. त्याने नळी वर्षभर पुरते खरी, पण आठवड्याला जेमतेम 2.7 सेंटिमीटर चढते. मागच्या रांगेतल्या मुलाला काही हललेलंच दिसत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला 'सत्राअखेरी' हा शब्द कळतो, पण त्यासाठी धीर धरणं जमत नाही.

तीनास एक हे प्रमाण जमतं. आठवड्याला 30 टोकनं, 9 सेंटिमीटर. वाढ लांबून दिसते. सहा आठवड्यांत नळी 54 सेंटिमीटरवर जाते, मग सगळ्या नळ्या रिकाम्या करून नवी फेरी. यासाठी चार हाऊसची मिळून 720 टोकनं लागतात. संचातली 400 पुरत नाहीत, जादा मागवावीच लागतात. वर्गात अ‍ॅक्रिलिकची टोकनं वापरूच नका. तिथे मोठी बटणं, मणी किंवा जाड पुठ्ठ्याच्या चकत्या चालतात, आणि त्या हरवल्या तरी कुणाचं काही जात नाही.

आता रंगांकडे. संचात लाल टोकन लाल हाऊससाठी, निळं निळ्यासाठी अशी कल्पना आहे. ती सोडून द्या. हाऊसचा रंग नळीच्या टोपणाला आणि पायाला पुरे आहे. टोकनाचा रंग 'कशासाठी मिळालं' हे सांगायला ठेवा: निळं अभ्यासातल्या प्रगतीसाठी, पिवळं दुसऱ्याला केलेल्या मदतीसाठी, लाल सगळ्यांच्या कामासाठी. सगळ्यांचं काम म्हणजे ग्रंथालयाची पुस्तकं लावणं, झाडांना पाणी घालणं, नवीन आलेल्या मुलाला शाळा दाखवणं. हिरवी टोकनं बाजूला काढा. लाल आणि हिरव्यातला फरक न कळणारी मुलं शाळेत असतातच आणि त्यांत मुलगे बरेच जास्त. त्याच कारणासाठी नळ्यांवर रंगासोबत त्रिकोण, चौकोन, गोल अशी खूणही चिकटवा. उरलेल्या तीन रंगांची प्रत्येकी 150 टोकनं जादा घेतली की एकूण 750 होतात, काम भागतं.

या एका बदलाने संचाचा उपयोगच पालटतो. नळी वाचता येते. सहा आठवड्यांनी चारही नळ्या खालपासून वरपर्यंत निळ्याच असतील, तर मुलं एकमेकांना मदत करत नाहीत असा अर्थ घाईने काढू नये. मदत झाली तेव्हा शिक्षकांचं लक्ष नव्हतं, ही शक्यता जास्त. खेळाच्या तासाला पडलेल्याला उठवून पाणी आणून देणारी मुलगी टोकन मागायला येत नाही. पाचवं गणित आधी सोडवणारा मात्र वही घेऊन टेबलाशी हजर असतो. पट्ट्यांचा हा हिशोब शिक्षकांच्या बैठकीत दर फेरीला पाच मिनिटं जरी पाहिला, तरी पुढच्या फेरीत पिवळी टोकनं वाढलेली दिसतात.

टोकन देताना काय बोललं जातं, यावर सगळी भिस्त आहे. 'छान! हे घे' म्हणून दिलेलं टोकन पाच मिनिटांत विसरलं जातं. 'हातचा विसरला होतास, स्वतःच शोधलंस आणि पुन्हा मांडलंस' असं म्हणून दिलेलं टोकन शेजारच्या बाकावरही ऐकू जातं आणि तिथली मुलगी आपली वजाबाकी पुन्हा एकदा तपासते. मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हुशारीबद्दल कौतुक झालेली मुलं पुढे अवघड कोड्यांत अडली तेव्हा लवकर कंटाळली, मेहनतीबद्दल कौतुक झालेली जास्त टिकून राहिली. म्हणून 'हुशार' हा शब्द टोकनासोबत नको. काय केलं ते सांगा, क्रियापदात सांगा.

नियमावलीत 'गोष्टीचं पुस्तक वाचलं = 2 टोकनं, चित्र काढलं = 1 टोकन' असा तक्ताही आहे. तो भिंतीवर लावू नये. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा 1973 चा प्रयोग याच मुद्द्यावरचा आहे. चित्र काढायची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं, तर नंतर मोकळ्या वेळेत ती रंगीत पेनांकडे कमी वळली. न सांगता, अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड तशी घटली नाही. मुलं जे आपणहून आनंदाने करतात, त्यावर दर लावू नये. टोकन अनपेक्षितच पडावं. अपवाद कंटाळवाण्या कामांचा: पाढे, शुद्धलेखन, खेळाचं साहित्य जागेवर ठेवणं. तिथे आधी सांगितलं तरी फारसं बिघडत नाही.

अभ्यासाचं निळं टोकन कुणाला द्यावं यावर शिक्षकांत हमखास वाद होतात. दहापैकी दहावाल्यालाच दिलं तर वर्गातल्या त्याच सहा मुलांकडे टोकनं जातात आणि हाऊसमधली बाकीची मुलं त्या सहांच्या भरवशावर निवांत. गटात मिळून शिकण्यावर काम केलेले जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रॉबर्ट स्लाव्हिन यांनी यावर सोपी तोड काढली होती. गटाचे गुण प्रत्येकाच्या स्वतःच्या वाढीवरून ठरवायचे. मुलाच्या मागच्या चाचण्यांची सरासरी हा त्याचा पाया आणि त्याच्या वर गेलं की गटाला गुण. ज्याचा पाया आधीच नऊ आहे त्याला वर जायला जागाच नाही, म्हणून पूर्ण बरोबर पेपरलाही सर्वांत जास्त वाढीइतकेच गुण. नळीसाठी हे असं बसवता येतं: शेवटच्या तीन दहा-गुणी चाचण्यांची सरासरी काढा, तिच्यापेक्षा 2 गुण जास्त किंवा दहापैकी दहा, तर एक निळं टोकन. मग चारवरून सहावर आलेल्या मुलाचं टोकन आणि दहा मिळवणाऱ्या मुलीचं टोकन नळीत एकाच जाडीचं असतं. हाऊसमधली मोठी मुलं चारवाल्याला मधल्या सुट्टीत शब्द घालायला लागतात ते यानंतर, कारण वाढीची जागा तिथेच आहे.

वाटपाची शिस्त. प्रत्येक वर्गशिक्षकाला आठवड्याला वर्गातल्या मुलांइतक्याच चकत्या: 30 मुलं, 30 चकत्या, दिवसाला सहा. ही मर्यादा नसेल तर एक बाई आठवड्याला 60 वाटतात, शेजारचे सर 8, आणि नळीची उंची ठरते ती शिक्षकांच्या स्वभावावर. उरलेल्या चकत्या पुढच्या आठवड्यात ओढू नयेत, नाहीतर शुक्रवारी दुपारी खिरापत होते. सोबत नावांची साधी यादी ठेवा आणि चकती दिली की तारीख टाका. तीन आठवड्यांनी ज्या नावांपुढे काहीच नाही, ती बहुधा खोडकर मुलं नसतात. दुसऱ्या-तिसऱ्या बाकावरची, त्रास न देणारी, हात वर न करणारी मुलं असतात ती. त्यांना दया म्हणून चकती देऊ नका, त्यांना कळते. एक दिवस फक्त त्यांच्याकडे बघा, द्यायला काहीतरी सापडतंच.

टोकन परत काढून घेणं पूर्ण बंद. नियमावली 'शिस्तभंगासाठी 5 टोकनं वजा' म्हणते आणि संचातला सर्वांत घातक सल्ला हाच आहे. एका मुलामुळे हाऊसची पाच टोकनं गेली की मधल्या सुट्टीत त्या मुलाभोवती बाकीचे गोळा होतात. शिक्षा एकाची, ती अमलात आणणारे नव्वद. हाऊसमधला आपलेपणा तिथेच संपतो. शिस्तीचा विषय वेगळा ठेवा.

हाऊस पाडतानाही थोडं डोकं लावावं लागतं. मुलांना मैत्रीवरून निवडू देऊ नका आणि गुणांवरून तर मुळीच पाडू नका. प्रत्येक वर्गाची यादी घेऊन 1-2-3-4, मग 4-3-2-1 असं उलटसुलट वाटलं की चारही हाऊसमध्ये प्रत्येक इयत्तेची मुलं सारखी येतात. भावंडं एकाच हाऊसमध्ये ठेवा, घरी भांडणं कमी होतात. वर्षाच्या मध्ये आलेलं मूल सर्वांत लहान हाऊसमध्ये. तरी एका हाऊसमध्ये 86 आणि दुसऱ्यात 94 असं होतंच. तेव्हा निकाल उंचीवर नको, एकूण टोकनं भागिले मुलं असा काढा. हा भागाकार वरच्या वर्गातल्या मुलांकडून करून घ्या, दशांश अपूर्णांकांचा याहून चांगला सराव मिळणार नाही.

उंचीवर निकाल न लावण्याला दुसरं कारणही आहे. नळीचा आतला व्यास 44 मिमी, टोकनाचा 38. एवढी फट असल्यामुळे वरून टाकलेलं टोकन तिरकं पडतं, कधी कडेवर उभंच राहतं, त्यावर पुढची टेकतात आणि मध्ये पोकळी राहते. सारख्याच संख्येची दोन हाऊस डोळ्यांना वेगळी दिसतात आणि मग तक्रारी येतात. पायाला तळहाताने हलके ठोके दिले की बरीचशी बसतात, उरलेली लांब लाकडी पट्टीने दाबावी लागतात. तळाशी नमद्याची चकती टाका. पहिली काही टोकनं मीटरभर खाली आदळतात, त्याने तळाला तडे जातात आणि आवाजही कर्कश होतो.

नळ्या स्टेजवरच्या टेबलावर ठेवायचा मोह होतो, कारण तिथे त्या शोभून दिसतात. पण मग पहिलीतल्या मुलाचा हात तोंडापर्यंत पोचत नाही, सर टोकन टाकतात आणि तो नुसता बघत राहतो. नळ्या जमिनीवरच ठेवा. भिंतीला लागून, वरच्या टोकाजवळ पट्ट्याने बांधून. एक टोकन साधारण 4 ग्रॅमचं, पूर्ण भरलेल्या नळीत सव्वा किलोच्या वर वजन असतं, धक्का लागून पडली तर पायाला लागेल. पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ ओलं फडकं. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावलं तर अ‍ॅक्रिलिकवर बारीक रेषांचं जाळं पडतं, ते जात नाही. कोरड्या फडक्याने घासलं तर ओरखडे पडतात, शिवाय स्थिर विद्युत तयार होऊन धूळ आणखी चिकटते.

आठवड्याचा क्रम असा बसतो: शुक्रवारी शेवटच्या तासाला प्रत्येक वर्गातली दोन मुलं चकत्या रंगवार मोजून तीनास एक बदलून घेतात, सुट्या उरलेल्या पुढच्या आठवड्यात जमा. सोमवारी परिपाठाला टोकनं नळीत. चारही हाऊसची मिळून 120, एकेक करून टाकायला 3 सेकंद धरले तर 6 मिनिटं. या सहा मिनिटांत एकूण आकडे वाचून दाखवू नका. टोकनं पडत असताना त्यामागची पाच-सहा कारणं वाचा. खट्, खट् आवाज चालू असतो आणि कुणीतरी वाचतं: तिसरीतल्या एकाने चष्मा विसरलेल्या मित्राला फळा वाचून दाखवला. सगळं सभागृह मान वळवून तो कोण ते शोधतं.

चषक कपाटात ठेवा आणि त्याऐवजी पाचवी नळी मागवा. ती सुटी मिळते. तिच्यावर अर्ध्याच्या जरा वर एक रेघ मारा आणि चारही हाऊसच्या दर चार टोकनांमागे एक तिच्यात टाका. आठवड्याला सगळ्यांची मिळून 30, म्हणजे हीसुद्धा 9 सेंटिमीटरने चढते. यासाठी 180 टोकनं जास्त लागतात, बाजूला काढलेली 100 हिरवी इथे खपतात. रेघ गाठली की सगळ्या शाळेला एक जादा खेळाचा तास. चौथ्या क्रमांकाचं हाऊस एरवी तिसऱ्या आठवड्यातच हात टेकतं, या नळीमुळे त्याचं टोकनही शेवटपर्यंत मोलाचं राहतं. पाचवी नळी घ्यायची नसेल तर संच घेण्यात फारसा अर्थ नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

नावानिशी तारे चिकटवायचा भिंतीवरचा तक्ता याहून स्वस्त पडतो, पण त्यात शेवटचं नाव कुणाचं हे रोज सगळ्यांना दिसतं. मोबाइलवर पालकांना लगेच गुण कळवणारी अ‍ॅप सोयीची आहेत, तरी त्यांत सगळं लक्ष एकट्या मुलावर जातं आणि लहान मुलांची माहिती बाहेर कुठे साठते हा प्रश्न उरतोच.

शाळा 60 मुलांची असेल तर हा संच घेऊ नका. हाऊसला 15 मुलं, त्यात प्रत्येक इयत्तेची तीन-चार, नळ्या ओक्याबोक्या दिसतात. काचेऐवजी प्लास्टिकची एक मोठी बरणी, एकाच आकाराचे तीन रंगांचे मणी आणि बरणीवर एक रेघ, एवढ्यात तेच काम होतं. मणी मात्र एकाच मापाचे घ्या. लहानमोठे मिसळले की लहान मणी मोठ्यांच्या फटीत शिरतात, आठवडाभर मणी पडत राहतात आणि रेघ तिथल्या तिथेच.